मुळं धरेपर्यंत

रोपवाटिकेच्या रांगेत माझ्यापुढे एक आजी आणि त्यांचा मुलगा होते. मी कान टवकारले, अर्थात!

"आई, कुंपणाला बोगनवेल घे. पाणी कमी लागतं."

"काटे असतात."

"मग कोरफड?"

"तिच्याकडे बघून कुणाला बरं वाटलंय? मला गुलाबच हवा."

"अगं, पाण्याची बोंब! त्यात मी रोज संध्याकाळी ऑफिसातून थेट तुझ्याकडे येतो, बादल्या उचलायला."

"चहा पिऊन जातोस की."

"बोगनवेल लावलीस तर माझी रोजची खेप वाचेल."

"हो ना. म्हणून गुलाबच बरा."

तेवढ्यात माळीदादा म्हणाले, "आजी, बोगनवेलीलाही मुळं धरेपर्यंत रोज पाणी घालावं लागतं हं."

"रोज?"

"रोज."

"मग दे एक."

"एकच, आई? कुंपणाला चार तरी लागतील."

"लागू देत. एकेक करून नेईन."