जावयाचं ताट

सन्माननीय अध्यक्ष मामलेदारसाहेब, व्यासपीठावरील थोर मंडळी, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते डॉक्टर भागवत, आणि फैजपूरच्या माझ्या भाऊबंदांनो, मायबहिणींनो,

मी तोताराम, केळीवाला. डॉक्टरांनी माझ्या जावयाला क्षयातून उठवलं, म्हणून चार शब्द बोलायचा मान मला मिळाला. हिलालराव समोरच बसलेत. बघा, अंगावर कसं मांस चढलंय!

डॉक्टरांचं निम्मं औषध म्हणजे जेवण. म्हणायचे, "हा रोग माणसाला आतून खातो. तुम्ही त्याच्याहून जास्त खा." म्हशीचं दूध, वाटीभर तूप, वर माशाचं तेल! विहीणबाईंनी ती बाटली गोठ्यात ठेवली, चुलीजवळ येऊ दिली नाही. हसा, हसा. तेव्हा आम्हीही हसलो होतो.

आता आपल्याकडे नवऱ्याच्या ताटात मागून बायको जेवते, हे डॉक्टरांना कोण सांगणार? त्यांनी थुंकीचं सांगितलं, खिडक्यांचं सांगितलं. ताटाचं त्यांनी विचारलं नाही, आम्हाला सुचलं नाही. जावई मायाळू हो. सुनेला वेगळं तूप कोण वाढतं? म्हणून ते माझ्या शेवंतासाठी ताटात मुद्दाम तूप-भाकर ठेवायचे. माहेरी आली की सांगायची, "आबा, त्याह्यच्या ताटात मले रोज तूप मियतं." मला बरं वाटायचं.

ते बरे झाले. गेल्या पोळ्याला शेवंता गेली, त्याच रोगानं. डॉक्टर ओट्यावर येऊन बसले आणि तेव्हा त्यांनी विचारलं, "ती जेवायची कशात?" मी सांगितलं. मला रडू आलं नाही. अजून येत नाही.

आता विहीणबाईंनी माझ्या धाकट्या ताईबाईला मागणी घातलीय. रीतच आहे, त्यात वावगं काही नाही. मी एवढंच विचारलं, पोरीचं ताट वेगळं राहील ना? त्या म्हणाल्या, "आमच्या घरात तसं चालत नाई, भाऊ."

उत्तर द्यायचं राहिलंय. पंचमंडळी इथेच आहेत, तर इथेच देतो. हिलालराव, तुमच्यावर राग नाही. पण ताईबाई मी देत नाही.

डॉक्टरसाहेब, आपले उपकार मी नाकारत नाही. धुळ्याला सुखानं जा. तिथं रोग्याची नाडी बघाल, तेव्हा एवढं विचारा, बाबा रे, तुझ्या ताटात मागून कोण जेवतं?

आपण ऐकून घेतलंत, आभार. भरल्या सभेत घरचं बोललो, ते पोटात घालावं.