गेरूचा हात

नाना : आधी पुट्टीनी लांबी भरनी पडी. ही भिंत बठ्ठी फुगेल शे.

कामिनी : लांबी भरायची नाही. फुगलेलीच हवीय.

नाना : धुळ्यानी शाळामा आते अशाच भिंती चालतस का?

कामिनी : नाना, हा आदिमानवाचा कोपरा आहे. त्यांच्याकडे कुठली लांबी? ते आधी दगड निरखून बघायचे. फुगवटा दिसला की तिथं बैलाचं पोट. चीर दिसली की तिथं पाठ. मग राहिलेला बैल काढायचा.

नाना : म्हणजे आधं काम दगडच करस.

कामिनी : हो.

नाना : शिंदखेडाले एक डेरीवाला व्हता. पेंडनी पोती टेकाडी टेकाडी त्यानं शटर बाहेर फुगेल व्हतं. मी तठेच म्हैसनं पोट बसाडं. त्याले वाटनं, पेंटरनी मुद्दाम उठाव दिन्हा.

कामिनी : मग तुम्हाला वेगळं काय शिकवायचं? धरा ब्रश.

नाना : मना गुडघा दुखस. मी आठे बसस, तू काढ. ड्रॉइंग टीचर तू शे.

कामिनी : दिवाळीला शेजारच्यांनी दारावर नाव मागितलं, तेव्हाही गुडघा. त्याआधी डोळे. तीन वर्षं तुमचे ब्रश डब्यात उभे आहेत.

नाना : फ्लेक्स ऊना. आते पेंटरले कोण ईचारस?

कामिनी : फ्लेक्स येऊन पंधरा वर्षं झाली. त्यातली बारा वर्षं तुम्ही रंगवतच होतात.

नाना : चहा मिळी का आठे?

कामिनी : मिळेल. आणि आज हे झालं नाही, तर उद्या इथंही फ्लेक्सच लागणार आहे. हेडमास्तरांनी नमुना मागवून ठेवलाय. त्यातल्या आदिमानवाच्या पायात चप्पल आहे.

नाना : चप्पल?

कामिनी : अंगठ्याची. मी सरांना दाखवली. ते म्हणाले, पोरांचं कुठं लक्ष जातं पायाकडं.

नाना : हाऊ बोर्ड अजून शे आठे.

कामिनी : 'येथे थुंकू नये.' मी नोकरीला लागले त्याच्या आधीपासून आहे. कोणी हात लावलेला नाही.

नाना : एका दमात काढेल शे. दोरी नही, पट्टी नही. तो 'थ' देख, कसा वळेल शे.

कामिनी : रोज बघते. हजेरी घेऊन वर्गात जाताना.

नाना : रंग कोणता वापरेत त्या लोके?

कामिनी : कोळसा आणि गेरू. गेरू कुटायचा, चरबीत नाहीतर पाण्यात कालवायचा. काडीचं टोक चावलं की झाला ब्रश. आणि कधीकधी भिंतीवर नुसता हात ठेवायचा, तोंडात गेरूचं पाणी घ्यायचं आणि हातावर फुंकायचं. हात उचलला की हाताची जागा कोरी, भोवती सगळं लाल.

नाना : पोळाले बैलवर छाप मारतस, तसा?

कामिनी : त्याच्या उलटा. तिथं हात रंगवायचा, इथं हाताभोवतीचं.

नाना : रेघ नही मारनी पडत?

कामिनी : एकसुद्धा नाही.

नाना : डॉक्टरनी मनी तंबाखू सोडाडी. थुंकानं बंद झायं. आते मनी पोर म्हणस, गेरू थुंका. तेबी मनाच बोर्डना खाले.

कामिनी : मी सरांची परवानगी घेतलीय.

नाना : लेखी?

कामिनी : तोंडी.

(नाना डावा हात भिंतीवर टेकवून गेरू फुंकतो. हात उचलतो.)

नाना : पुसी टाक.

कामिनी : का? लाल छान उमटलाय.

नाना : बोटं मोज.

कामिनी : सहा. म्हणजे, पाच आणि एक पुसट.

नाना : हात हालना.

कामिनी : भिंत ओबडधोबड आहे हो, नाना.

नाना : भिंत नही हालत, बेटा. तीन वरीस व्हयनात. एका मंदिरवर देणगीदारना नाव लिखाले गयथू. पहिलीच रेघ वाकडी गई. पुशी, परत मारी, परत वाकडी. लोके खाले उभा व्हतात. मी म्हणं, गुडघा दुखस, अन् शिडीवरून उतरी गयू. माले लाज वाटनी. तधयपासून गुडघाच सांगस.

कामिनी : मला माहीत आहे. तुम्ही चहा बशीत ओतायचं बंद केलंत तेव्हाच कळलं. म्हणूनच तुम्हाला दोंडाईच्याहून आणलं. बैल मी एकटीनंही काढला असता.

नाना : मंग काढ तू. मी चालनू, बस मिळी.

कामिनी : थांबा. माझा हात तुमच्या हातावर दाबून धरते. परत फुंकू. हलणार नाही.

नाना : मंग तो तुना हात व्हई.

कामिनी : मग पुसू का हा?

नाना : ऱ्हाऊ दे. फुगोटा कोठे शे, दाखाड.

कामिनी : हा इथं. पोट इथवर येईल. आणि नाना, पाठीची रेघ हलली तर?

नाना : बैलनी पाठ सरळ कोठे ऱ्हास? काडी चावी दे.

कामिनी : ही घ्या. पण पोरं उद्या बोटं मोजणार हं. सहावं कसलं म्हणून विचारतील मला.

नाना : सांगजो त्यास्ले. काढनाराना हात थरथरस.