चालू खेळातील वीज बंद केल्याबाबत

मी, वाल्मिक सुकदेव महाजन, वय ५२ वर्षे, धंदा लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, वायरमन, राहणार नवागाम, दिंडोली, सुरत, मूळ गाव तालुका पारोळा, जिल्हा जळगाव, पोलीस ठाण्यात समक्ष सांगतो की, मला गुजराती लिहिता येत नसल्याने माझा जबाब मराठीत घेतला आहे.

काल रविवारी दुपारी सव्वाबाराच्या खेळाला मी व पत्नी सुंदरा पर्वत पाटिया भागातील सिनेमागृहात गेलो. तिकिटे मुलगी योगिता हिने मोबाईलवर काढली होती. चित्रपटाचे नाव तिला माहीत आहे. त्यात परग्रहावरचे लोक शहराची वीज शोषून घेतात. एक शास्त्रज्ञ सर्वांना सावध करतो, पण त्याचे कोणी ऐकत नाही. वीज अशी शोषता येत नाही, असे मी पत्नीस सांगितले. ती म्हणाली, "गुपचूप बठा."

मध्यंतरानंतर सुमारे पंधरा मिनिटांनी डाव्या भिंतीकडून वायर जळाल्याचा वास आला. पडद्यावरही धूर होता. मी उभा राहून म्हणालो, "वायर जळते आहे, बाहेर चला." पुढच्या रांगेतील इसम म्हणाले, "काका, बेसी जाव ने, आ तो इफेक्ट छे." मागून शिट्ट्या आल्या. त्याच वेळी पडद्यावर शास्त्रज्ञाला लोक हाकलून देत होते. त्याच्यासाठी प्रेक्षक हळहळत होते. पत्नी म्हणाली, "माले बी वास यी ऱ्हायना." म्हणजे तिलाही वास येत होता. ती उठली.

दारावरील इसमास सांगितले. तो म्हणाला, "मॅनेजर साहेबने पूछवुं पडे," म्हणजे साहेबांना विचारावे लागेल. बोळातील स्विचबोर्डाच्या पेटीला कुलूप होते. मी आग विझवण्याच्या नळकांड्याने ते तोडून मेन स्विच पाडला. पडदा बंद झाला. आतून शिवीगाळ झाली. माझ्या अंगावर मक्याच्या लाह्या पडल्या. संकटकाळी उघडायच्या दाराला लाह्यांची पोती लावलेली होती, ती मी ओढून काढली. सुंदरा मोबाईलचा उजेड धरून दारात उभी राहिली व एकेकास बाहेर काढत होती. लोक चित्रपट बंद केल्याची तक्रार करण्यासाठी बाहेर आले, परंतु आले.

शेवटचा प्रेक्षक निघाल्यावर थोड्याच वेळात डाव्या बाजूचे छत पेटून खाली आले. बंबवाले आले. कोणास इजा नाही. इफेक्ट म्हणणारे इसम रस्त्यावर उभे राहून आगीचे व्हिडिओ काढत होते.

मॅनेजरने माझ्याविरुद्ध अर्ज दिला आहे की, मी आगीची अफवा पसरवली, कुलूप तोडले व खेळ बंद पाडला. अर्ज लिहून होईपर्यंत बंबवाले पाणी मारत होते. कुलूप मी तोडले, हे कबूल आहे.

कुलूप तोडण्यापूर्वी परवानगी का घेतली नाही, असे मला विचारण्यात आले. त्यावर सांगतो की, सन २००९ मध्ये उधना येथील खात्यात मला असाच वास आला होता. तेव्हा मी मेन पाडण्याआधी शेठना विचारायला वर गेलो. शेठ फोनवर होते, म्हणून दाराशी उभा राहिलो. नंतर त्यांनी परवानगी दिली. माझा मोठा भाऊ भगवान खाली कामावर होता.

याबाबत अधिक काही सांगायचे नाही.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोललो तेच त्यात आहे. सही करतो.