गौरीच्या दिवशी पाहिलेला फ्लॅट

सांगलीत दस्तनोंदणीच्या कचेरीत आमचा नंबर यायचा होता. मागच्या बाकावर एक म्हातारे सुभेदार आणि त्यांना फ्लॅट दाखवणारा एजंट बसले होते.

“सुभेदार, सही करायच्या आधी एक सांगायचंय.”

“आता काय ऱ्हायलं, धवल? कागद तर समदं बघून झालं.”

“कागद चोख आहेत. पण तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणाला होता, शेजार पाहिजे, बाकी काही नको.”

“व्हय. कारभारीण गेल्यापास्नं मळ्यात लय सुनं वाटतंय. त्या बिल्डिंगीत पोरं जिन्यात खेळत हुती. मला वळखबी नसताना एकीनं पुरणपोळी वाढली.”

“गौरी जेवायचा दिवस होता तो. तुमचं लवकर ठरावं म्हणून मी मुद्दाम त्या दिवशी नेलं.”

“बरं, मग?”

“एरवी बारापैकी दहा फ्लॅटना कुलूप असतं. सगळे पुण्याला राहतात. गणपती उठले की जातात. हे मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं.”

“आता का सांगतोयस?”

“काल तुम्ही विचारलंत, शेजाऱ्यांस्नी पेढं किती आणू. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. उठा, बिल्डरशी मी बोलतो. दुसरं घर बघू.”

“धवल, पुढल्या गणपतीला येतील का रं ती माणसं?”

“येतील की. दरवर्षी येतात.”

“समदी?”

“सगळी. का हो?”

“माझी दोन पोरं गणपतीतबी येत न्हाईत. चल, आपला नंबर पुकारला बघ.”