खिळ्यावरची रोटी

मोहिरा : तुतीच्या सावलीत बसा म्हणाले खरं मी, पण म्हणून एवढ्यात बैठक मारायची? तोलिब-अका, सांगा की तुमच्या सोबत्यांना. सातातल्या आत्ताशी तीन गोष्टी झाल्यात. चार राहिल्यात अजून.

तोलिब : बसू दे त्यांना. ते दार आवडलंय त्यांना.

मोहिरा : दार आहेच तसं. अख्ख्या बुखाऱ्यात इतकं बारीक कोरीवकाम... बरं, पुन्हा नाही सांगत. एकदा ऐकलंत.

तोलिब : ते उघडतं का?

मोहिरा : आतून उघडतं. बाहुल्या करणाऱ्या रोहत-आपा आहेत ना, त्यांच्या घराचं मागचं दार ते. पण वापरतंय कोण? लोक समोर उभे राहतात, फोटो काढतात आणि जातात. तुम्हीही काढलात, पण नुसत्या कडी-कोयंड्याचा. मी शेजारी ओढणी सावरून उभी होते, तिकडे ढुंकूनही पाहिलं नाहीत.

तोलिब : कडी चांगली आहे.

मोहिरा : कमाल आहे तुमची. लोहाराकडे करकोच्याच्या आकाराची कात्री हातात घेतलीत आणि तशीच ठेवलीत. चित्रं बघताना घड्याळ बघत होतात. ताश्कंदची माणसं सगळी अशीच का? आमच्या गल्लीत पाहुणा कशालाच 'वा' न म्हणता गेला, तर आम्हाला दोन दिवस जेवण जात नाही.

तोलिब : मी सातव्या गोष्टीसाठी आलोय, मोहिराखोन.

मोहिरा : रोटीसाठी?

तोलिब : तूच लिहिलंयस. 'कलावंतांच्या गल्लीत करायच्या सात गोष्टी. सातवी : मुलाची वाट पाहणारी, आईच्या भिंतीवरची उष्टी रोटी.' फोनवर वाचलं आणि म्हटलं, इथं जायलाच हवं.

मोहिरा : रडू आलं असेल वाचून. एका फ्रेंच बाईला तर मी पाणी आणून दिलं होतं. मग मलाही चेव चढतो, रंगवून सांगते. मुलगा परमुलखात निघाला की उंबऱ्यावर रोटीचा एक घास तोडून खातो. उरलेली आई खिळ्याला टांगते. तो परत आला की ती त्यानेच संपवायची, दुसऱ्या कुणी तोंड लावायचं नाही... पण हे तुम्हाला काय सांगायचं? तुमच्या आईनेही टांगली असेल.

तोलिब : टांगली होती. परत आलो तर दगड झाली होती. चहात भिजवून खाल्ली. आई समोर बसून होती, शेवटचा तुकडा जाईपर्यंत हलली नाही.

मोहिरा : बघा. आणि वर तोंड असं, जसं काही कशाचं काही वाटतच नाही. रोहत-आपांचा मुलगा बुन्योद मॉस्कोला बांधकामावर गेला, त्याला दोन हिवाळे झाले. आपा दिवसभर त्या रोटीकडे बघतात आणि बाहुल्यांचे डोळे रंगवतात. म्हणून त्यांच्या सगळ्या बाहुल्या वाट बघत असल्यासारख्या दिसतात. हे माझं वाक्य आहे हं, लोकांना फार आवडतं.

तोलिब : ती रोटी तू शेवटची कधी पाहिलीस?

मोहिरा : गेल्या आठवड्यात, जर्मन पाहुणे होते तेव्हा. का हो?

तोलिब : सहज. चल, मधल्या गोष्टी राहू देत.

मोहिरा : अहो, पाचवीत पुलाव आहे.

तोलिब : भूक नाही मला.

(रोहत-आपांचं दुकान. छताला बाहुल्या टांगलेल्या. पुढचं दार गल्लीकडे उघडं.)

मोहिरा : आपा, पाहुणे आणलेत.

रोहत : आज? आज तुझा दिवस नाही, मोहिरा.

मोहिरा : हे ताश्कंदचे तोलिब-अका. घाईत आहेत. तुमच्यासाठी पुलावावर पाणी सोडून आलेत.

रोहत : या, बसा. पाहुण्याने दारात उभं राहू नये. केटली आत आहे, ठेवून येते.

मोहिरा : बघा, तो लाल दाढीवाला सुलतान. मान कशी हलते बघा. ती त्याची रुसलेली बायको. आणि इकडे, खिडकीशेजारी, या, पुढे या, ही ती रोटी. दोन हिवाळे गेले, पण घासाची खूण अजून...

तोलिब : कुठे?

मोहिरा : ही काय...

तोलिब : तो खिळा आहे.

मोहिरा : हो. खिळा आहे.

तोलिब : तुझा चेहरा का उतरला?

मोहिरा : छे, कुठे? हां, आठवलं. माझ्याच हातून पडली ती. जर्मन बाईला दाखवताना. चुरा झाला, चिमण्यांना घातला. विसरलेच बघा मी.

तोलिब : मघाशी वाटेत नाही आठवलं.

रोहत : घ्या, चहा घ्या. कसल्या आठवणी निघाल्यात?

तोलिब : आपा, भिंतीवरची रोटी कुठे गेली?

रोहत : उंदरांनी नेली. जुनं घर आहे, उंदीर फार झालेत.

तोलिब : ही म्हणते, चिमण्यांनी खाल्ली.

रोहत : या पोरीच्या जिभेला हाड नाही. काहीही बोलते.

तोलिब : आणि हा पियाला काठोकाठ भरलात तुम्ही.

रोहत : उन्हातून आलात. तहान लागली असेल.

तोलिब : माझ्या आईच्या घरी हव्या माणसाला तळाशी दोन घोट देत, म्हणजे पुन्हा पुन्हा भरता येतो. काठोकाठ भरून द्यायचा तो नकोशाला. तुमच्याकडेही तसंच असणार. असू दे, मला राग नाही. मी बुन्योदचा मुकादम, आपा. मॉस्कोचा.

रोहत : त्याने कधी नाव काढलं नाही तुमचं.

तोलिब : कधी? फोनवर, की आल्यापासून?

रोहत : फोनवर. आणखी कुठे बोलणार तो माझ्याशी?

तोलिब : मग परांची कोसळली तेही सांगितलं असेल. माणसं गेली. बुन्योद म्हणतो, दोर कुजले होते, मालकाला माहीत होतं, तरी वर चढवलं. कोर्टातही हेच सांगणार आहे म्हणे. आता सांगायची वेळ जवळ आली आणि हा नाहीसा. मालकांना झोप नाही. मला म्हणाले, तोलिब, तू जा आणि त्याला समजाव.

रोहत : आणि जी गेली त्यांच्या आयांना कोण समजावतंय?

तोलिब : त्या काही माझ्याकडे आल्या नाहीत.

मोहिरा : अका, चला ना. उठू या आपण. सहावी गोष्ट राहिलीय.

तोलिब : तू बस. आपा, ती रोटी उंदीर नेत नाही आणि चिमणीही खात नाही. आपल्यातली कुठली आई होऊ देईल तसं? ती दोनच कारणांनी उतरते. मुलगा घरी आला की. नाहीतर तो आता कधीच यायचा नाही, असं कळलं की.

रोहत : चहा निवतोय तुमचा.

तोलिब : पहिलं असेल, तर त्याला हाक मारा. मी चार शब्द बोलतो. दुसरं असेल, तर तुम्ही तसं सांगा. मी हात वर करून दुवा मागतो आणि आल्या दाराने जातो.

रोहत : असलं कुठली आई तोंडाने बोलते?

तोलिब : खरं असेल तर बोलते.

मोहिरा : आपा, नका. बोललेलं लागतं.

रोहत : तू गप्प बस. गेला. माझा बुन्योद गेला.

तोलिब : नीट ऐकू आलं नाही.

रोहत : मेला माझा बुन्योद. परमुलखात मेला. रोटी मी त्याच्या बापाच्या कबरीशी पुरली. झालं समाधान?

तोलिब : झालं. हात वर कर, मोहिराखोन. आपाही. अल्ला त्याला जागा देवो. आमीन. चहा तसाच राहिला, राग मानू नका. गल्ली छान आहे हो तुझी. सगळं कसं नीट लिहून ठेवलंयस, मला काही शोधावंच लागलं नाही. येतो.

मोहिरा : गेले. कोपऱ्यावरून वळले. आपा, खाली बसा.

रोहत : जळो माझी जीभ. जिवंत पोराला मारलं मी. त्याच्या नावाने आमीन म्हटलं.

मोहिरा : कधी आला?

रोहत : परवा पहाटे. तुला सांगितलं नाही. तुला सांगायचं म्हणजे चौकात दवंडी पिटायची. तो म्हणत होता, आई, रोटी उतरवू नकोस, लोक ती बघायला येतात. पण मी ऐकतेय का? दोन हिवाळे त्या खिळ्याकडे बघून काढले मी. पोर दारात उभं आणि रोटी भिंतीवर, हे माझ्याच्याने होईना. चहात भिजवली आणि या हातांनी भरवली.

मोहिरा : मी तर पाठ केलेलं म्हणत गेले, आणि समोर नुसता खिळा. मला बाई काही सुचेना.

रोहत : जाऊ दे. फसला मेला.

मोहिरा : पण आपा, इतक्या लांबून आलेला माणूस. माळ्यावर डोकावला नाही, आतल्या खोलीचं नाव काढलं नाही. नुसत्या शब्दावर उठून गेला.

रोहत : डोकावून काय मिळणार होतं त्याला? तुझा दिवस नसताना अनोळखी माणूस आला, म्हणून केटली ठेवायला आत गेले ना, तेव्हाच पोराला बाहेर काढलं. म्हटलं, मागे वळून बघू नकोस, थेट माझ्या भावाकडे जा. मी इथं बोलत बसले ती त्याला गल्ली ओलांडता यावी म्हणून.

मोहिरा : कुठून काढलं?

रोहत : मागच्या दाराने.

मोहिरा : कोरीव दाराने?

रोहत : दुसरं कुठलं दार आहे मला? अशी काय बघतेस?

मोहिरा : आपा, त्यांचे दोघं सोबती आहेत. दारासमोरच, तुतीखाली बसलेत.

रोहत : तिथं कुणी बसवलं त्यांना?

मोहिरा : मीच म्हणाले, बसा. सावली चांगली आहे.