भाडेवाढीची मागणी

फॉल रिव्हरच्या पतपेढीत कर्जासाठी ताटकळत बसलेल्या आर्मांदोचे तिन्ही भाडेकरू भाडं बुडवण्यात तरबेज होते. त्यामुळे शेजारच्या बाकावर देओलिंदाबाई आणि त्यांचा भाडेकरू एर्मिनियो यांची जुंपलेली ऐकून आपल्याच कानात काही बिघाड झाला असावा, असं त्याला वाटलं.

“माझं भाडं वाढवा, बाई.”

“गप्प बस. आठशे डॉलर पुरेत मला.”

“तुम्हाला पुरतात, पतपेढीला पुरत नाहीत. राहतं घर गहाण टाकून नवं कर्ज हवंय ना? मग भाड्यातून हप्ता सुटतो का, ते बघणारच ते.”

“दर रविवारी तू सॉसेजचं सूप आणून देतोस, ते नाही का धरत?”

“सुपाने हप्ता फिटत नाही, बाई. बाजूचं घर तुम्ही घेतलं नाहीत, तर बोस्टनची कंपनी घेईल आणि माझ्या बहिणीला तिथून बाहेर काढेल.”

“मग कागदावर बाराशे लिहू. तू आठशेच दे.”

“खोटं लिहायचं नाही. बाराशे म्हणजे बाराशे देणार.”

“अरे, चर्चमध्ये तोंड कसं दाखवू मी? नऊशे.”

“बाराशे.”

“हजार. वर एक दमडी घेणार नाही.”

“देओलिंदा फुर्तादो!” खिडकीतून पुकारा झाला.

“शेवटचं सांगतो, बाई. बाराशे घेणार असाल तर राहतो, नाहीतर दुसरीकडे जागा बघतो.”

“काय दिवस आले! भाडेकरू डोक्यावर बसायला लागले,” म्हणत देओलिंदाबाई पर्स सावरून उठल्या. “चल, सांग त्यांना तुझे बाराशे.”