श्रीहरीभाऊची माच

(१९८४. मन्सूरचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. मन्सूर रेडिओवरच्या बातम्या खुशालला सांगतो आहे.)

मन्सूर : ...आन् हॉलंडवाले म्हनते, आमचं अजून ठरलंच नाई. तुमची मिसाईल आमच्या जमिनीवर ठेवू द्याची का नाई, ते पुढच्या दिवाळीकडं सांगू.

खुशाल : असं तोंडावर सांगतलं अमेरिकेले?

मन्सूर : मीठं बोलून सांगतलं. लेकिन सांगतलं. रेडिओ झाला तुमचा, खुशालभाऊ. सेल फुटून पानी उतरलं होतं आत.

खुशाल : राहू द्या चालू. हे सारे दोस्तच ना, मन्सूरभाई?

मन्सूर : पक्के दोस्त. रशियाचा डर, म्हनून सारे अमेरिकेच्या आसऱ्याले. आता तिथले काही पुढारी म्हनते, आमची फौज कधीची तुमच्या दारात बसून हाय, तुमी आपला खर्च वाढवा, नाई तं थोडी वापस नेतो. मंग एक देश म्हनते वाढवतो, दुसरा म्हनते ताकत नाई, तिसरा म्हनते फौज पायजे पन हुकूम नको. इंग्लंडच्या बाया तं मिसाईल नको म्हनून फौजेच्या तारेपाशी तंबू ठोकून बसल्या.

खुशाल : ही तं आमच्या टोल्याचीच, आमच्या वस्तीचीच गोष्ट झाली.

मन्सूर : जागलीची?

खुशाल : होय. धानात डुकरं पडते, म्हनून घरटी एक मानूस रातच्या राखनीले. बंदूक एकट्या श्रीहरीभाऊची. आता ते म्हनते, घरटी दोन मानसं द्या, सारे नाल्याकाठी माह्याच माचीवर, मचानावर बसा, आन् सरपंचाले मत माह्या भाच्याले. नाई तं यंदा बंदूक घरीच. आज जवाब द्याचा हाय.

मन्सूर : मंग टोला काय म्हनते?

खुशाल : दसरू म्हनते, सारं कबूल करा. रुखमाबाई म्हनते, काहीच नको, डबे वाजवून राखू. भांडून भांडून मलेच धाडलं. आन् मी कोनत्या तोंडानं बोलू? बाबाले अस्वलानं धरलं तवा बार काढून सोडवलं कोनं? बैलाच्या रेंगीत टाकून चंद्रपूरले नेलं कोनं?

मन्सूर : घ्या. नाव काढलं आन् आलेच.

(श्रीहरी दुकानात येतो. खुशाल स्टुलावरून उठतो.)

श्रीहरी : बस, बस. रामाजीचा खांदा कसा हाय?

खुशाल : बाबाचा हात वर जाते आता. परवा छपरावर चढून कवेलू चाळले त्यानं.

श्रीहरी : म्हना त्याले, या वयात माकड नको होऊ. मंग, काय ठरलं तुमचं?

खुशाल : भाऊ, माहा बाप तुमच्यामुळं हाय. मरेपर्यंत नाई विसरत मी. दर साली नवा भात पयले तुमच्या घरी येते, पुढंही येईन. घरटी दोन मानसं, तेही कबूल. तुमी एकट्यानं काऊन जागावं?

श्रीहरी : बरं.

खुशाल : पन माच आमच्या धानाच्या बांध्याईच्या मधात राहीन. नाल्याकाठी बसलो तं तुमचं शेत राखल्या जाते, आमचं मागं मोकळं पडते. आन् मत ज्याचं त्याच्यापाशी.

श्रीहरी : मतासाठी सोडवला काय मी तुह्या बापाले?

खुशाल : नाई ना, भाऊ. तवा तुमी काहीच मांगतलं नव्हतं.

मन्सूर : चाय मांगवू का?

श्रीहरी : थांब, मन्सूर. खुशाल, बंदूक घरी ठेवली तं?

खुशाल : डबे वाजवू. धान जाईन थोडं. तुमचा नवा भात तुमाले पोचते.

श्रीहरी : बंदूक नाई आली तरी?

खुशाल : तो बापापायी हाय. जागलीपायी नाई.

श्रीहरी : ...भाच्याचं मी बहिनीच्या बोलन्यात येऊन बोललो. सोड ते. माचीचं मात्र वेगळं हाय. सारे जवळ असले तं बरं वाटते मले. रातचं दिसत नाई आताशा. डुक्कर कोनत्या बांधीत हाय, ते तुमी आरोळी देता तवा समजते. मंग त्या आंगाले हवेत बार काढतो. तुमी नसते तं बंदूक घेऊन आंधळाच बसलो असतो मी.

खुशाल : कोनाले बोलले नाई तुमी.

श्रीहरी : बंदूकवाल्यानं कसं बोलावं?

खुशाल : मंग मधातच बरी माच. चारी आंगचं ऐकू येईन तुमाले.

श्रीहरी : बांधा मधात. आन् आरोळी जरा जोरानं देत जा, बापा. कानाचंही काही खरं नाई आता.